स्प्रिंगची चौथी खाच

हे लिहू की नको, यात तीन आठवडे गेले. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे अशा गोष्टी मानल्या तर शिकून उपयोग काय, असं मला वाटायचं. गावात कोणी खाडीवर काहीतरी दिसल्याचं सांगायला लागलं की मी उठून जायचो. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मनातल्या मनात कारणं शोधत असतो... माझ्या अनुभवाचंही तुम्ही तेच करा. खरं तर त्यासाठीच लिहितोय.

आम्ही मुरबे गावचे. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत, आई बोईसरच्या बाजारात मासळी विकते. घरात आम्ही दोघं भावंडं, मी आणि धाकटी दर्शना. दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी शंभर सीसीची गाडी घेतली. कुंभवलीला खोली करून राहणारे एक कामगार कंपनी सोडून गावी चालले होते, त्यांची. सकाळी आईला मासळीसकट बाजारात सोडायचं आणि तसंच कॉलेजला जायचं, एवढाच गाडीचा उपयोग.

गाडीबरोबर कंपनीचं माहितीपुस्तकही मिळालं, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं. मी ते पहिल्या पानापासून वाचून काढलं. बाबा हसायचे. "आमी इंजिन आवाजावरून वळखतो, हा पुस्तक वाचून वळखतो!" पण त्या पुस्तकामुळे मी दर रविवारी गाडीचं सगळं स्वतः करायला लागलो. समुद्राच्या वाऱ्याने आठवड्यात चेन तांबडी होते. रॉकेलने धुवायची, तेल घालायचं, ढिली झाली असेल तर ताणायची. ब्रेक, क्लच, प्लग बघायचा. पायपंपाने हवा भरायची. मग काय काय केलं ते वहीत तारखेनिशी लिहायचं. प्रॅक्टिकलच्या जर्नलची सवय, दुसरं काही नाही.

एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गाडीच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना शॉकअपच्या स्प्रिंगा असतात. त्यांच्या खाली एकेक कडं असतं, त्याला पाच खाचा. कडं फिरवून वरच्या खाचेत नेलं की स्प्रिंग कडक होते. पुस्तकात त्याबद्दल दोनच ओळी आहेत. चालवणारा एकटा असेल तर पहिली खाच, मागच्या टायरात अठ्ठावीस हवा आणि मागचे फुटरेस्ट दुमडलेले. मागे माणूस बसणार असेल तर चौथी खाच आणि छत्तीस हवा. आई रोज मागे बसायची, मांडीवर मासळीचा टब घेऊन. म्हणून माझी गाडी कायम चौथ्या खाचेवर असायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सोमवारी सकाळी आई मागे बसली आणि गाडी एकदम खाली बसली. मडगार्ड टायरला घासायला लागलं. उतरून बघतो तर दोन्ही कडी पहिल्या खाचेवर. हवा मोजली, अठ्ठावीस. आणि मागे बसणाऱ्याचे फुटरेस्ट वर दुमडलेले. हे सगळं मी आदल्याच दिवशी नीट केलं होतं, वहीत लिहिलेलं होतं.

वाटलं, विसरलो असेन. परत चौथ्या खाचेवर नेलं. गुरुवारी पुन्हा पहिल्या खाचेवर, पुन्हा अठ्ठावीस. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा तेच.

गाडी आमच्या पडवीत असते, जाळ्यांच्या शेजारी. मी दर्शनाला विचारलं. ती म्हणाली, "मला काय दुसरी कामं नायत?" मग तिचीच नेलपॉलिश घेऊन कड्यांवर खुणा केल्या. कडं फिरवायचा पाना कॉलेजच्या बॅगेत ठेवून बॅग उशाला घेतली. तरी सकाळी खुणा सरकलेल्या, कडी पहिल्या खाचेवर. टायर पाण्याच्या घमेल्यात फिरवून बघितला, एक बुडबुडा नाही. आणि पंक्चर असतं तर हवा कमी होत राहिली असती. बरोबर अठ्ठावीसवर येऊन ती थांबली का असती?

बोईसरला अन्वरभाई मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी कड्याला हात घातला, मग पान्याने जोर लावला. चेहरा लाल झाला तेव्हा कुठे ते एक खाच सरकलं.

"हे तर गंजून जाम हाय," ते म्हणाले. "आपोआप कसं फिरेल? तूच फिरवतो आणि विसरतो. इश्क-विश्क चालू है क्या?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

आधीच्या मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "स्प्रिंग? अरे बाबू, तीन साल में तेल छोड़ के हमने कुछ नहीं किया. पीछे तो कोई बैठता ही नहीं था." म्हणजे त्यांच्या वेळी पहिलीच खाच होती. एक दिवस मला बरं वाटलं, की गाडी जुन्या जागेवर परत जाते. मग वाटलं, लोखंडाला सवय लागते, असं मी परीक्षेत लिहीन का?

खरी भीती त्यानंतर बसली. एका रविवारी वही आणि पुस्तक शेजारी ठेवून बसलो आणि लक्षात आलं की यात काहीच बिघडलेलं नाही. खाच, हवा, फुटरेस्ट, तिन्ही पुस्तकातल्या पहिल्या ओळीप्रमाणे बरोबर आहेत. कोणीतरी गाडीची अगदी व्यवस्थित काळजी घेतंय. फक्त त्याच्या हिशोबात मी एकटा आहे. मागे आई नाही.

हे आईला कसं सांगायचं? ती गाडीवर बसण्याआधी सीटला हात लावून कपाळाला लावते, बोटीला लावतात तसा. मी एवढंच म्हणालो, "आई, थोडे दिवस तू बायकांबरोबर वडापने जा. मागच्या स्प्रिंगचं काम निघालंय. टब मी आणून देतो."

आईने हातातला टब खाली ठेवला. मग म्हणाली, "टब चालतो, आई चालत नाय. स्प्रिंगला टबाचं वजन लागत नाय काय?"

"तसं नाही गं..."

"कॉलेजातली पोरं बघतात काय रे? मासळीवालीचा पोरगा म्हणून?"

मी नाही म्हणालो. पण म्हणायला उशीर झाला. खरं सांगतो, पहिल्या वर्षाला असताना मी आईला बाजाराच्या अलीकडच्या वळणावर उतरवायचो. तिने तेव्हा कधी विचारलं नव्हतं. आता ते सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि स्प्रिंगचं खरं कारण सांगितलं असतं तर ते बहाण्यासारखंच वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती वडापने जायला लागली. वडापची जीप भरेपर्यंत सुटत नाही, रोज उशीर व्हायचा. बाजारातली तिची कडेची जागा दुसरीने घेतली. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची.

आणि गाडी? आई बसायची बंद झाल्यावर मी काही बदललं नाही. पहिली खाच, अठ्ठावीस हवा. गाडीनेही काही बदललं नाही. अकरा दिवस सगळं जागच्या जागी.

बाराव्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास मी दोन टब एकावर एक सीटला बांधून निघालो. खड्ड्यात मडगार्ड घासत होतं, पण मी खाच तशीच ठेवली होती. कुंभवलीच्या पुढे एमआयडीसीकडे वळायच्या नाक्यावर एक ट्रक थांबला होता. लोखंडी पाइप भरलेला, पाइप मागे बरेच बाहेर आलेले, टोकाला लाल फडकं. मी त्याच्या उजव्या बाजूने पुढे चाललो होतो. ट्रकने इंडिकेटर न देता डावीकडे वळण घेतलं. तो डावीकडे वळला तशी पाइपांची बाहेर आलेली टोकं उजवीकडे फिरली, माझ्या बाजूला.

मला पाठीमागे फक्त वारा जाणवला. मग मोठा आवाज झाला आणि गाडी आडवी झाली. मी गुडघ्यावर पडलो, थोडं खरचटलं. उठून बघतो तर खालचा टब सीटवर तसाच होता. वरचा रस्त्याच्या पलीकडे फुटून पडला होता. सगळीकडे मांदेली. वरचा टब माझ्या खांद्याच्या उंचीला होता. आई मागे बसली की तिचं डोकं तिथे येतं.

लोक जमले. कोणीतरी म्हणालं, "अकेला था, बच गया."

अकेला था. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो.

त्या दिवशी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. खुणा, वही, पुस्तकातल्या दोन ओळी, टब. वाटलं होतं, ती रडेल किंवा देवीला नारळ बोलेल. ती फक्त ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला वाटलं, माझा वास येतो म्हणून."

मग तिने माझ्या गुडघ्याला हळद लावली. बाबा म्हणाले, कोणीतरी आपलं भलं बघतंय. मीही तेच धरून चाललो. दुसऱ्या दिवशी आई सीटला हात लावून पुन्हा मागे बसली. मी कडी चौथ्या खाचेवर नेली होती आणि ती चौथीवरच राहिली, पावसाळ्यात बोटी बंद होईपर्यंत. वहीत सगळं आहे. रोजचं.

इथवरच असतं तर मी लिहिलं नसतं. योगायोग म्हणून सोडून दिलं असतं.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या, आई पुन्हा बाजारात जायला लागली. गणपतीत दर्शना दहा दिवस सातपाटीला आत्याकडे होती. त्या दिवसांत एका सकाळी मी गाडीवर बसलो आणि आरशात रस्ता दिसेना. माझं कोपर आणि मागच्या चाकाजवळची जमीन दिसत होती. दोन्ही आरसे खाली झुकलेले. वाटलं, कोणाचा तरी धक्का लागला. मग क्लच दाबायला गेलो तर दांडी खाली फिरवलेली, मुठीच्या बरीच जवळ. ब्रेकचा पायडल वर आलेला, माझा पाय अवघडत होता.

आधी मी मागे बघितलं. चौथी खाच. हवा छत्तीस. फुटरेस्ट उघडलेले.

सगळं माझ्या मापाला लावलं. दोन दिवसांनी पुन्हा तसंच. पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. पुस्तक काढलं. आरसे, क्लचची दांडी आणि ब्रेकचा पायडल चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे लावावेत, असं त्यात लिहिलंय. ते कोणाच्या तरी उंचीप्रमाणेच लावलेले होते. माझ्या नाही.

दर्शना सातपाटीहून आली त्या दिवशी मी पडवीत होतो. तिचं नुकतंच लर्निंग लायसन्स झालंय. मी तिला मैदानात एकदाच शिकवलं होतं आणि तेव्हा तिने गाडी पाडली होती. पाय नीट पोचत नव्हते, क्लच बोटांत येत नव्हता. पिशवी खाली ठेवून ती सरळ गाडीवर जाऊन बसली. कशालाही हात न लावता आरशात बघितलं, क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला.

"अरे दादा! माझ्यासाठी सेट केलीस?" ती म्हणाली. "मागचा सगळा रस्ता दिसतोय. आता मी आईला सोडीन, तू आरामात झोप."

मी हो म्हणालो. हो, तुझ्यासाठीच. दुसरं काय म्हणणार होतो?

याला तीन आठवडे झाले. मी एसटीने कॉलेजला जातो, आई वडापने. यावेळी तिने कारण विचारलं नाही, पण मी उंबऱ्याबाहेर पडताना ती काम टाकून दारात येते आणि मी वळणाआड जाईपर्यंत उभी राहते. मागच्या वेळी गाडीचं ऐकलं म्हणून आई वाचली, असं धरलं, तर आता मी गाडीवर बसत नाहीये, म्हणजे झालं ना? पण हे फक्त गाडीपुरतं आहे की नाही, मला माहीत नाही. आणि जो कोणी हे करतो तो सावध करतो, की नंतर जे असणार आहे त्याची फक्त तयारी करून ठेवतो, तेही माहीत नाही. मी ट्रकच्या ड्रायव्हरचा विचार केला, योगायोगाचा केला, माझ्याच डोक्याचा केला. झोपेत मीच हे करतो का, म्हणून दोन रात्री बाबांना माझ्या खाटेशेजारी झोपायला लावलं. मी उठलो नव्हतो. रात्री नीट लावलेले आरसे सकाळी पुन्हा खाली होते.

गाडी विकावी, तर घेणाऱ्याला काय सांगू? मागच्या रविवारी चेनला तेल घातलं, आरसे माझ्या उंचीला लावून नट आवळले, आणि वर ताडपत्री टाकली. त्यानंतर बघितलेलं नाही. आठ दिवस झाले, ताडपत्री उचलायचं धाडस होत नाही.

कोणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर सांगा. माझ्याकडे नाही. चावी माझ्या खिशात आहे, आणि दर्शना रोज सकाळी हात पुढे करून उभी असते.