पळालेल्या बाईची बाजू

इथे परदेशात, टूनगॅबीत आमच्या शेजारी मुलाकडे राहणाऱ्या काकूंना देवळात नेलेलं फारसं आवडत नाही. त्यांना लायब्ररीत सोडावं लागतं. तिथे त्या अमेरिकेच्या पहिल्या पिढीतल्या नेत्यांची पत्रं आणि डायऱ्या भिंग धरून वाचतात. वाचताना त्यांच्याशी भांडतातही. "शहाणाच आहेस!" असं त्या एकदा पुस्तकाला म्हणाल्या, तेव्हा समोर बसलेला माणूस चपापून उठून गेला.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळात एकाने त्याच नेत्यांच्या स्वातंत्र्यप्रेमावर व्याख्यान दिलं. टाळ्या संपल्या आणि काकू प्रश्नांसाठी फिरवलेला माइक घेऊन उभ्या राहिल्या.

"यांतल्या एकाच्या घरातून गुलाम बाई पळाली होती. तिला पकडून आणा, अशी पत्रं त्याने लिहिली. ती छापलेली आहेत. तुम्ही का गाळलीत?"

"काकू, कार्यक्रम छान चाललाय," संयोजक म्हणाला.

मुलाने त्यांचा पदर ओढला. "आई, प्लीज बस ना. लोक बघतायत."

"बघू देत. विषय स्वातंत्र्याचाच आहे ना? मग ती कशासाठी पळाली?"

संयोजकाने माइक बंद केला. काकूंनी आवाज चढवला आणि त्या बाईची हकीगत शेवटपर्यंत सांगितली. ती त्याच्या हाती कधीच लागली नाही, हे त्यांनी दोनदा म्हटलं.

नंतर चहाच्या वेळी त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही. मी गेले. त्यांनी माझ्या बशीतला सामोसा उचलला आणि विचारलं, "पुढचं व्याख्यान कधी आहे गं?"