दिव्यावरची धूळ

स्वीडनमधल्या यूस्ने गावात रुने शोदीनला कोणी आडनावाने ओळखत नाही. तो पडदेवाला रुने. तेवीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढली. गिरणी बंद पडली तेव्हा नगरपालिकेने त्याला हे काम दिलं. सत्तरी उलटलेल्या माणसांच्या घरी जायचं आणि ज्या कामासाठी खुर्चीवर चढावं लागतं, ते त्यांच्याआधी आपण करून टाकायचं. बल्ब बदलायचे, पडदे चढवायचे, माळ्यावरून नाताळची खोकी उतरवायची. सरकारी कागदावर या कामाचं नाव लांबलचक आहे आणि त्यात ‘पडणे’ हा शब्द आहे. तो ऐकला की म्हातारी माणसं फोन ठेवून देतात. म्हणून रुने फोनवर एवढंच विचारतो, “पडद्यांचं काही आहे का?”

पडद्यांचं असतंच. नाताळाआधीचे चार रविवार सुरू व्हायच्या आत घरोघरी लाल पडदे लागायला हवेत, खिडकीत कागदाच्या ताऱ्यातला दिवा पेटायला हवा. ज्या खिडकीत तारा नाही, त्या घरात काहीतरी बिनसलंय असं समोरचे समजून चालतात.

रुनेची आई हा ताराच लावताना पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, तरी तिने आधी सरपटत खुर्ची टेबलाखाली सारली आणि मग फोन केला. दवाखान्यात तिने सांगितलं, फरशीवर पाय घसरला. तारा एका खिळ्यावरून तिरका लोंबत होता, तो फक्त रुनेने पाहिला. तेव्हापासून कोणाच्याही घरात काय पडलंय यापेक्षा काय जागच्या जागी ठेवलंय, इकडे त्याचं लक्ष जास्त असतं.

ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्याकडे एल्व्हीच्या घरच्या दिव्याचं काम आलं. एल्व्ही चौऱ्याऐंशीची. हयातभर पोस्टात, सायकलवरून टपाल वाटलेलं. नवरा स्वेन जाऊन अकरा वर्षं झालेली. सप्टेंबरात ती बाहेरच्या खोलीत पडली होती आणि उप्सालाहून तिची मुलगी गुनिला दोन दिवस येऊन राहिली होती. जाताना गुनिलाने शांतपणे सांगितलं होतं की आता आणखी एकदा पडलीस तर तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात जायचं, आणि आपला नंबर मोठ्या आकड्यांत लिहून फ्रिजवर लावला होता. वृद्धाश्रम वाईट नव्हता. पण तिथल्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. एल्व्हीच्या स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो, आणि कोण किती वाजता पाव आणायला निघालं तेही.

रुने दोन मिनिटं दाराबाहेर थांबला आणि दहाच्या ठोक्याला त्याने घंटी वाजवली. कॉफी तयार होती, बशीत तीन प्रकारची बिस्किटं. त्याने शिडी लावली, वर चढला, दिव्याच्या काचेवरून सवयीने बोट फिरवलं आणि तिथेच थांबला. काच लखलखीत होती.

इतर घरांत दिव्यावर वर्षाची धूळ असते, मेलेल्या माश्या असतात. रुनेला ती धूळ बघून बरं वाटतं. वर कोणी चढलेलं नाही याची ती खूण. तो बल्ब बदलून खाली आला. टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या आणि एकीचीच उशी उलटी बांधली होती. एल्व्ही कॉफी ओतताना डावी बाही सारखी खाली ओढत होती.

“एल्व्ही, वर कोण चढलं होतं?”

“कोणी नाही.”

“मग धूळ काय आपल्या पायांनी खाली उतरली?”

एल्व्हीने भरलेल्या कपात आणखी थोडी कॉफी ओतली. “परका माणूस घरात येणार, वर चढणार, माझी वर्षाची धूळ बघणार. मग गावात म्हणणार, एल्व्हीचं आता काही खरं नाही.”

“पडलीस?”

“उतरले,” ती म्हणाली. “जरा लवकर उतरले.”

मनगट पिवळं-जांभळं झालं होतं, मोडलं नव्हतं. तिने चढू नये म्हणून ज्याला बोलावलं, त्याला धूळ दिसू नये म्हणून ती चढली होती. रुनेला हसू येत होतं, आणि आईची टेबलाखाली सारलेली खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नव्हती. नियमाने त्याने घरच्यांना कळवायला हवं होतं. एल्व्हीने त्याची नजर फ्रिजकडे गेलेली पाहिली आणि ती एकदम म्हातारी दिसायला लागली.

त्याने कप फिरवला, पुन्हा फिरवला. मग म्हणाला की पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी तो तारा लावायला येईल. तोवर या दिव्यावर धूळ साचलेली हवी. दिसली नाही, तर फ्रिजवरच्या नंबरावर तो स्वतः फोन करेल.

“पाच आठवड्यांची धूळ?”

“पाच आठवड्यांची.”

“तू माणूस नाहीस, रुने.”

मग त्याने दुसरी अट घातली. कॉफीचं यंत्र ठिबकत असताना ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं. भांडं अर्धं भरलं की पाय बदलायचा. आणि जेवण्याआधी हात छातीवर घडी करून खुर्चीतून दहा वेळा उठायचं. एल्व्ही म्हणाली, बर्फातून टपाल वाटलेल्या बाईला उभं राहायला शिकवायला गिरणीतला माणूस लागत नाही. मग तिने पाय उचलला. यंत्राने दोनदा गुळगुळ केलं आणि पाय खाली आला.

“यंत्रच मंद आहे,” ती म्हणाली.

नंतर दर मंगळवारी रुने काही ना काही निमित्त काढून येऊ लागला. जिन्याच्या कठड्याचा एक स्क्रू त्याने तीनदा घट्ट केला. बोळातली चिंध्यांची सतरंजी गुंडाळून ठेवूया म्हणाला तेव्हा मात्र एल्व्हीने त्याला हात लावू दिला नाही, तिच्यात स्वेनचे शर्ट विणलेले होते. त्याने सतरंजीखाली रबराची जाळी घातली. त्यानंतर स्वेनचे शर्ट जागचे हलले नाहीत. कॉफी ठिबकताना दोघं शेजारी शेजारी ओट्याला धरून एकेका पायावर उभे राहत आणि खिडकीतून पाव आणायला जाणाऱ्यांवर टीका करत. पाव आणायला जाणारेही वर बघत. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एल्व्ही अर्ध्या भांड्यापर्यंत टिकू लागली. दिव्याकडे मात्र ती बघत नसे. टेबलाशी बसायची तिची खुर्चीसुद्धा तिने फिरवून घेतली होती.

तारा लावायच्या शनिवारी रुने आला तेव्हा दारात गुनिलाची गाडी होती. ती न कळवता आली होती, केशराचे पाव घेऊन. रुनेने शिडी खिडकीशी लावली. गुनिला उंच, टेबलावर पाव मांडता मांडता तिची नजर दिव्याच्या काचेवर गेली.

“आई,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. “तुझ्या घरात धूळ.”

रागावली असती तर बरं झालं असतं. तिने रुनेकडे पाहिलं, आजाऱ्याच्या घरचे डॉक्टरकडे पाहतात तसं. रुने तारा हातात घेऊन शिडीवर उभा होता. धुळीचं सांगायचं तर ऑक्टोबरचं सांगावं लागणार होतं, आणि ते सांगणं त्याच्या हातात नव्हतं.

“ती रुनेची धूळ आहे,” एल्व्ही म्हणाली. “त्याच्यासाठी राखलीय.”

आणि तिने स्वतःच सगळं सांगितलं, खुर्ची, दिवा, मनगट, लवकर उतरणं. गुनिलाचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला. एल्व्हीने बोलणं संपवलं, हातांची छातीवर घडी केली आणि ती खुर्चीतून उठली. बसली. पुन्हा उठली. सातव्या वेळेला गुनिला तोंडातल्या तोंडात मोजायला लागली होती. दहाव्या वेळेला एल्व्ही बसलीच नाही. तिने टेबलाला एक बोट टेकवलं, डावा पाय उचलला आणि घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा जाईपर्यंत खाली ठेवला नाही.

“आता तू,” ती म्हणाली.

गुनिला एकोणसाठची. एका पायावर ती सहा आकडे मोजेपर्यंत टिकली, मग तिने फ्रिज धरला आणि नंबराचा कागद सुटून खाली आला. तो उचलायची कोणालाच घाई नव्हती.

वृद्धाश्रमाचं बोलणं त्या दिवशी निघालं नाही. निघताना गुनिला एवढंच म्हणाली की वसंतात बघू. यूस्नेत वसंत मे महिन्यात येतो.

ती गेल्यावर रुनेने ओलं फडकं घेतलं आणि दिवा पुसला. तेवढा वेळ एल्व्ही पाठ फिरवून समुद्राकडे बघत उभी होती. मग तिने वळून आधी फडक्याकडे पाहिलं, मग रुने शिडीवरून खिडकीत लावत होता त्या ताऱ्याकडे.

“डावीकडे,” ती खालून म्हणाली. “अजून थोडा.”

तारा सरळच होता. रुनेने तो डावीकडे केला.