खालांची अमानत

लग्न होऊन मी परांड्याला आले तेव्हा माझ्याजवळ थोडी पितळी भांडी, एक वाकळ आणि एक पत्र्याची पेटी होती. माहेर शेतकऱ्याचं. तिथं भांडं म्हणजे भाकरी थापायला, पाणी भरायला लागणारी वस्तू. कुणी भांड्याकडं नुसतं बघत बसलंय, असं मी कधी पाहिलं नव्हतं. आमचे हे प्राथमिक शाळेत गुरुजी. किल्ल्याच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आमच्या भिंतीला भिंत लागून ज्या बाई राहायच्या, त्यांना सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. मीही खालाच म्हणू लागले. वयानं त्या माझ्या आईएवढ्या होत्या. त्यांचे यजमान तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे कारकून, होते. एकुलता एक मुलगा हैदराबादेत शिकून तिथंच नोकरीला लागला होता.

मी आले त्या दिवशी खालांनी माझ्यासाठी चहा आणला. पांढरा शुभ्र कप, काठाला सोनेरी रेघ, पोटावर बारीक निळी फुलं. मी कप हातात घेतला आणि त्याच्याकडं बघतच राहिले. चहा निवून गेला. खालांनी ते पाहिलं. "शुक्रवारी ये," एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी त्या फडताळातलं सामान काढून पुसायच्या. त्या दिवसापासून त्यांच्या जोडीला मी बसू लागले. चिनी मातीच्या कपबशा कोमट पाण्यात धुवायच्या, मऊ धोतराच्या फडक्यानं टिपायच्या. मग बिदरी पानदान. काळ्याभोर अंगावर चांदीची वेल, इतकी नाजूक की बोट फिरवलं तरी जाणवायची नाही. ते त्यांना आईनं दिलेलं. आणि अंगणात पालथी घातलेली तांब्याची मोठी देग, लग्नाकार्याचा भात शिजवायची. ती त्यांच्या सासूबाईंनी बिदरहून गाडीत घालून आणलेली. दोघांनी उचलायची वस्तू. चिंच आणि राख लावून आम्ही ती घासायचो, तेव्हा तिचा रंग असा उजळायचा की माझे हात दुखायचे थांबायचे. घासता घासता खाला सांगायच्या, हे कुणी दिलं, कधी दिलं, देताना कोण रडलं. त्यांच्या घरात वस्तू थोड्याच होत्या, पण प्रत्येकीमागं एक माणूस होतं.

मग मलाही वेड लागलं. जुनी धोतरं, लुगडी साठवून मी बोहारणीकडून पहिली चिनी मातीची बरणी घेतली. चैत्रात सोनारीला भैरोबाच्या यात्रेला गेलो की परत येताना माझ्या ओच्यात काहीतरी असायचंच. दगडी खलबत्ता, लाकडी करंडा, एकदा पितळेचा एवढासा मोर. हे म्हणायचे, "घरात माणसं राहणार का भांडी?" पण माझी फळी भरत चालली होती. सकाळचं ऊन तिच्यावर पडलं की मी हातातलं काम टाकून बघत राहायची. आपलं काहीतरी आहे, आपण जमवलंय, हा आनंद मला तोवर ठाऊक नव्हता. खलबत्त्याकडं पाहिलं की ती यात्रा आठवायची, गुलालानं लाल झालेली वाट आठवायची.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. कचेरीतला कारभार उर्दूतून मराठीत येत होता. पेशकारसाहेबांचं सारं आयुष्य उर्दूत गेलेलं. त्या वयात ते मुलाची जुनी पाटी घेऊन बाराखडी गिरवत बसायचे, आणि हे त्यांना शिकवायला जायचे. पुढं हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आमचा भाग मुंबई राज्यात गेला, आणि नोकरदारांपैकी काहींनी हैदराबादची बाजू पत्करली. पेशकारसाहेब त्यांतलेच. मुलगा तिकडं होता, भाषा तिकडची होती.

जायच्या आधी खालांनी मला बोलावलं. मुलाला तिकडं एकच खोली होती. मोठी जागा मिळेपर्यंत सामान न्यायची सोय नव्हती. विकायला त्यांचं मन होईना. कपबशा आणि पानदान त्यांनी एका पेटीत गवतात नीट बसवून ठेवलं होतं. पेटीची किल्ली माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "बेटी, ही माझी अमानत. जागा मिळाली की कुणाला तरी धाडते. तवर कपात चहा पी, देगीत भात शिजव. बंद करून ठेवू नको."

मी म्हणाले, "खाला, तुम्ही याल तेव्हा जसंच्या तसं मिळंल तुम्हाला."

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्या गाडीत बसल्या, आणि मी पेटी आत ओढून घेतली. त्या क्षणी मला नुसता अभिमान वाटला होता. ओझं वाटायला अजून अवकाश होता.

कुणी आलं नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग यांची बदली वाशीला झाली. बैलगाडीत आमचा संसार चढला आणि वर ती देग पालथी बसली. गाडीवाला म्हणाला, "गुरुजी, आचारी झालात का काय?" वाशीची खोली लहान. पेटी ठेवली की अंथरूण घालायला अडचण व्हायची. देग दारात ठेवली तर शेजारणी विचारायच्या, कुणाची, कशापायी सांभाळता. गेले ते गेले, आता परत कोण येतंय, असं सगळेच म्हणायचे. दर शुक्रवारी मी पेटी उघडायची, कप पुसायची, परत गवतात ठेवायची. खालांनी वापरायला सांगितलं होतं, पण माझा हात धजला नाही. फुटला तर? माझी स्वतःची बरणी पोरानं फोडली तेव्हा मी दोन धपाटे घालून विसरून गेले होते. दुसऱ्याच्या वस्तूचं तसं नसतं, हे मला तेव्हा कळू लागलं.

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. सासूबाई गावाकडून मुद्दाम आल्या. दारातली देग त्यांनी वाकून पाहिली, ठोकून पाहिली आणि म्हणाल्या की कल्हई करून घेतली की वऱ्हाडाचा भात हिच्यातच होईल, गाडी परवा येईल.

मी नाही म्हणाले.

त्यांना वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी परत सांगितलं, "आत्याबाई, माझं काही मागा, फळीवरलं सगळं न्या. ही माझी न्हाय. ज्याची त्यानं द्यावी."

"दुसऱ्याच्या भांड्यापाई घरच्या लग्नाला न्हाय म्हंतीस?"

"व्हय."

हे तिथंच उभे होते. मला वाटलं, आता हे आईची बाजू घेतील, आणि घेतली असती तरी मला दोष देता आला नसता. त्यांनी पायात वहाणा घातल्या, तुळजापूरला ओळखीच्या पुजाऱ्यांकडं गेले आणि तिथून मोठी पातेली घेऊन आले. लग्न पार पडलं. सासूबाई मात्र बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी वाढलेलं जेवायच्या, पण पाणी हवं असलं तर नातवाला सांगायच्या. मला रडू यायचं. तरी देग मी दिली असती तर ती गावात एका घरून दुसऱ्या घरी फिरत राहिली असती, आणि खालांचं माणूस आलं असतं त्या दिवशी मी काय दाखवलं असतं? मी तेव्हाही तसंच केलं असतं, आजही तसंच करीन.

त्यानंतर बदली माकणीला. लोहाऱ्याच्या पुढं, तेरणेच्या काठाला. तेव्हा तिथं धरण नव्हतं. नदीच्या उतारातून, पाण्यातून गाडी नेताना चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलली आणि पेटी माझ्या मांडीवरून घसरून गाडीच्या फळीवर आपटली. मी पाण्यात उभी राहून तिथंच पेटी उघडली. एक कप फुटला होता. हे गाडीवाल्याला घाई करत होते, बैल सोडा, चाक उचला, आणि मी मात्र निळ्या फुलांचे तुकडे पदरात वेचत होते. ते तुकडे मी फडक्यात बांधून ठेवले. त्या रात्री जेवण गेलं नाही. हे म्हणाले, इतकी वर्षं सांभाळलंस, एका कपाचं काय घेऊन बसलीस. त्यांना समजावणं मला जमलं नाही.

पुढच्या साली आम्ही उस्मानाबादच्या उरुसाला गेलो होतो. बांगड्यांच्या दुकानात एका माणसानं मला ओळखलं. खालांचा भाचा, त्यांना फुफू म्हणजे आत्या म्हणायचा. परांड्याला त्यांच्याकडं येता-जाता मी त्याला पाहिलं होतं. त्याच्याकडून कळलं, पेशकारसाहेब वारले, खाला मुलाजवळ असतात, चारमिनारच्या मागं एका मोठ्या वाड्याच्या चौकात, जिथं बरीच बिऱ्हाडं आहेत. मी सामानाचं सांगितलं तर तो म्हणाला, "अहो वहिनी, ठेवून घ्या. फुफूला आता ते आठवत पण नसंल."

मी घरी आले आणि ह्यांना सांगितलं, मी हैदराबादला जाणार. ते म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत बघू. मी म्हणाले, बघू नको, जायचंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना सासूबाईंकडं ठेवलं. तोवर त्यांचा राग निवळला होता. मी कुठं आणि कशाला निघाले हे कळल्यावर त्यांनी वाटेसाठी धपाटे करून दिले. गाडीनं उमरग्याला गेलो, तिथून हैदराबादची मोटार. कंडक्टर देग टपावर घ्यायला तयार होईना. हे त्याच्याशी बोलत राहिले आणि मी शिडीजवळ देगीला धरून उभी राहिले. मोटार सोडायची तर मला आणि देगीला बाजूला करूनच, हे त्याला दिसत होतं. शेवटी त्यानंच वर चढून ती दोरानं बांधली.

चौकात शिरलो तेव्हा खाला दारात बसून गहू निवडत होत्या. खूप वाळल्या होत्या. त्यांनी आधी ह्यांना ओळखलं, मग मला, आणि मग हमालाच्या डोक्यावरची देग त्यांना दिसली. सुपातले गहू तसेच राहिले. त्या उठल्याच नाहीत. मी जवळ जाऊन बसले तशी त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"म्या तर त्या सामानाचं कवाच रडून घेतलं होतं," त्या म्हणाल्या.

मी आधी फडक्यातले तुकडे त्यांच्यापुढं ठेवले आणि नदीतलं सगळं सांगितलं. खालांनी ते बाजूला सारले. पोरं किती, मोठा कितवीत, सासू कशी आहे, हे विचारत राहिल्या. त्यांची सून आतून आली, चांगली बाई, पण देग पाहून तिचा चेहरा उतरला. खोली एकच. चार माणसं, एक पलंग, शिवणयंत्र. मला तिचं मन कळलं. तिच्यासारख्याच खोलीत मी ती पेटी सांभाळली होती.

संध्याकाळी खालांनी त्याच कपांतून आम्हाला चहा दिला. इतक्या वर्षांनी मी त्यातून चहा प्यायले, आणि यावेळी निवू दिला नाही. मग त्या म्हणाल्या, "पानदान आणि कप मी ठेवते. देग तू ने. इथं कुठं ठेवू? तुझ्याकडं राहिली, आता तुझीच."

मला ती देग किती आवडायची ते खालांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी म्हणाले, "न्हाय, खाला. तुम्ही प्रेमानं द्याल, पण माझ्या घरात ती तुमचीच राहील. मी परत राखण करत बसेन. मी रिकाम्या हातानं जायला आलेय."

 आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा देग चौकातल्या हौदाजवळ पालथी होती आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या दोघी-तिघी तिच्याभोवती उभ्या होत्या. खाला त्यांना सांगत होत्या, त्यांच्या सासूबाईंनी ती बिदरहून कशी आणली.

परतीच्या मोटारीत माझ्या मांडीवर काही नव्हतं. कितीदा तरी माझा हात आपसूक पेटी धरायला गेला. हलकं वाटलं, आणि थोडं ओकंही. दोन्ही खरं होतं.

पुढच्या उरुसात भाचा परत भेटला. त्यानं सांगितलं, त्या चौकात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत आता कुणाचंही लग्न, बारसं निघालं की आधी खालांकडं येतात. देग द्यायची का नाही, कल्हई कुणी करून आणायची, सगळं त्या ठरवतात. देग गेली की त्यांनाही बोलावणं जातं, आणि मानानं बसवतात. मुलाच्या घरात गहू निवडत कोपऱ्यात बसणारी म्हातारी आता चौकात देगवाली खाला झाली होती. सूनही कुणी आलं की पुढं होऊन सांगते, अम्मीला विचारा.

हे मी सासूबाईंना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "ज्याची त्यानं दिली, बरं झालं."

माकणीच्या घरात पेटी होती तिथली जमीन आम्ही राहायला आल्यापासून सारवली गेली नव्हती. मी शेण कालवलं आणि ती जागा सारवून घेतली. वाळल्यावर ह्यांनी तिथं पोरांना अभ्यासाला बसवलं.