तिसऱ्या तज्ज्ञाचा अभिप्राय

वाल्मिक विशे मूळचा धसईचा. १९९१ साली तो मुरबाडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला लागला, आणि पुढं त्याच कॉलेजच्या संशोधनपत्रिकेत त्याचं नाव छापून यायला लागलं: व्यवस्थापकीय संपादक. आता म्हणाल, नळ्या धुणारा माणूस संपादक कसा झाला? अहो, काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झाला!

पत्रिका काढली लाटकर सरांनी. सर कोल्हापूरचे, आवाज पहाडी, राग नाकावर. पत्रिकेचं नाव 'अंकुरण', वर्षातून दोन अंक. संपादक मंडळावर नऊ नावं होती, त्यातली आठ फक्त ग्रुप फोटोला यायची. मग सरांनी वाल्मिकला हाताशी धरलं आणि सगळं शिकवलं. लेख आला की त्याला नंबर द्यायचा, लेखकाचं नाव कागदाच्या पट्टीनं झाकून झेरॉक्स काढायची आणि दोन तज्ज्ञांना टपालानं पाठवायची. लेखकाला तज्ज्ञ कोण ते कळू द्यायचं नाही आणि तज्ज्ञाला लेखक कोण ते. अभिप्राय आले की दुरुस्त्या करून घ्यायच्या, शंका राहिली तर तिसऱ्या तज्ज्ञाला विचारायचं. तज्ज्ञ मंडळी म्हणजे टोकावड्याची शेवटची एसटी, येईल तेव्हा खरी. वाल्मिक त्यांना पोस्टकार्डावर पोस्टकार्डं टाकायचा. पण या कामाच्या सात वर्षांत त्यानं एकाचंही नाव कधी फोडलं नाही, बायकोजवळसुद्धा नाही.

२००३ साली ऑक्टोबरात सर निवृत्त होणार होते. जुलैचा अंक त्यांचा शेवटचा. त्या अंकासाठी सरांनी स्वतःचा लेख दिला: शहापूर-मुरबाडच्या रानभाज्या, त्यांतली पोषणद्रव्यं आणि त्या करायच्या रीती. वीस वर्षं पाड्यापाड्यांवर पायपीट करून गोळा केलेलं सगळं त्यात होतं.

"वाल्मिक, या लेखापुरता मी संपादक नाही," सर म्हणाले. "निर्णय तुझा. मी एका शब्दानं विचारणार नाही."

तिसऱ्याच दिवशी विचारलं, "काय रे, आलं का काही?"

मे महिना सरता सरता दोन्ही अभिप्राय आले. दोन्ही तज्ज्ञ शहरातले, मोठ्या पदव्यांचे. दोघांनीही लिहिलं होतं, उत्कृष्ट, जसाच्या तसा छापावा. वाल्मिकला आनंदानं आभाळ ठेंगणं झालं. छापखान्यात देण्याआधी म्हणून तो शेवटचं वाचायला बसला आणि शेवळांच्या भाजीपाशी अडला. शेवळं सोलावी, चिरावी, उकडावी, मीठमसाला घालून परतावी. बस्स. काकड कुठाय? त्यानं पान उलटून पाहिलं, तळटीप पाहिली. काकड नाहीच!

शेवळं म्हणजे मृगाच्या सुमारास जमिनीतून वर येणारे कोंब. भाजी चवीला झकास, पण काकडाच्या झाडाची हिरवी आंबट फळं वाटून घातली नाहीत, तर घसा असा खाजतो की विचारू नका. म्हणून तर बाजारात शेवळांच्या जुडीशेजारी काकडांचा वाटा हटकून असतो. सर वीस वर्षं चवीनं ही भाजी खात आले, पण आयती, डब्यातली. काकड वाटताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आली का पंचाईत? लेख असाच छापला, तर कुणीतरी भाजी करून खाईल आणि सरांच्या वीस वर्षांच्या कामाचं हसं होईल. अडवला, तर ज्या माणसानं नळ्यांतून उचलून संपादनाच्या टेबलाशी बसवलं, त्याच्याच लेखावर बोट ठेवायचं. आणि बोट ठेवणारा कोण? बारावी पास वाल्मिक! दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. मग त्याला सरांचंच बोलणं आठवलं, की ज्याचं आयुष्य त्या विषयात गेलं तो तज्ज्ञ. त्यानं नाव झाकलेली झेरॉक्स पिशवीत घातली आणि डोळखांबची एसटी पकडली.

डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर लहानी आगिवले राहायची. तीस वर्षं शहापूरच्या बाजारात रानभाज्या विकणारी बाई. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाल्मिकनं लेख पहिल्यापासून वाचून दाखवला. बाई दर भाजीला मान डोलवत होती. शेवळांपाशी आली आणि पदर तोंडाला लावून खो खो हसत सुटली.

"कोन रं ह्यो? मारतंय का लोकांना? काकड कुठंय?"

"नाव सांगता येत नाय, मावशी. नियम हाय."

"बरा हाय तुमचा नियम!"

"पन पाड्यांवरच्या बायांनी त्याला काकड सांगितला कसा नाय?"

"आरं, भाजीत मीठ टाक असं कोनी सांगतंय का? ज्याला त्याला ठावं असतंय ना. त्यानं इचारलं आसंल, कशी करतात. बायांनी सांगितलं, चिरायची नि उकडायची. काकड तं आसनारच!"

वाल्मिकनं तिचा अभिप्राय छापील भाषेत उतरवून घेतला, वर 'तज्ज्ञ क्रमांक तीन' असं लिहिलं आणि सरांच्या हातात दिला.

सर भडकले. "कोण हा दीडशहाणा? दोघांनी पास केलेला लेख हा अडवतो? माझा घसा कोल्हापुरी आहे, तांबड्या रश्श्यावर पोसलेला! शेवळं आण. आत्ताच्या आत्ता आण!"

"सर, ऐका माझं..."

"आण म्हणतो ना!"

प्रयोगशाळेतल्या बर्नरवर सरांनी लेखाबरहुकूम भाजी शिजवली आणि सगळ्या विभागासमोर ताटलीभर खाल्ली. "बघा!" म्हणाले. पुन्हा एकदा "बघा" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. डोळ्यांतून धारा, कान लालबुंद. वाल्मिकनं धावत जाऊन चिंचेचं पाणी आणलं. पोरी ओढण्या तोंडात कोंबून हसत होत्या. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'दुरुस्ती मान्य.'

घसा बसलेला असतानाही सर चिठ्ठ्या लिहून विचारत राहिले, तज्ज्ञ कोण? वाल्मिक हात जोडून म्हणायचा, "सर, नियम तुमचाच."

जुलैचा अंक काकडासकट छापून निघाला. वर्षभरात लेख तपासून देणाऱ्यांची आभाराची यादी, कुणी कोणता लेख तपासला ते न सांगता, शेवटच्या पानावर असे. अंक हातात आल्यावर सरांनी ती वाचली. डॉक्टर, प्राध्यापक, डॉक्टर, आणि मग श्रीमती लहानी आगिवले, डोळखांब. सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा पुसत म्हणाले, "चल रे, बाईंचा अंक आपण नेऊन देऊ."

पाड्यावर वाल्मिकनं लहानीला तिचं छापलेलं नाव दाखवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि शेजारणीला हाक मारली, "गो मंगळी, ये बघाया! मी छापून आलीय!" मग एकदम काळजीनं वाल्मिककडं वळली.

"पन काय रं, ज्यानं ता लिवलं व्हतं, त्यो बरा हाय ना? तशीच भाजी खाल्ली तं नाय ना त्यानं?"

वाल्मिकनं सरांकडे बघितलंसुद्धा नाही. नाव फोडायचं नाही म्हणजे नाही.

लाटकर सरांनी वाकून लहानीला नमस्कार केला. "बरा आहे, बाई," ते म्हणाले. "तीन दिवस बोलता येत नव्हतं त्याला, पण आता बरा आहे."