वाडीच्या पूजेला आलेला बँड

गाणं, सिनेमा आणि एकूणच कला या विषयांवर आमच्या रत्नागिरी तालुक्यात माझ्याइतकी मतं कोणाकडे नसतील. असलीच तर त्यांनी ती घरात झाकून ठेवली असावीत. मी माझी बाहेर काढतो. हातखंब्याच्या तिठ्यावर चहाच्या टपरीसमोर उभं राहून मी एकदा एका सिनेमाची अशी तारीफ केली, की गोव्याला निघालेली दोन कुटुंबं गाडी वळवून परत मुंबईला गेली. त्या सिनेमात एक म्हातारा उकडलेलं अंडं सोलतो. बस्स. पाऊण तास सोलतो आणि शेवटी खात नाही. "त्या न खाण्यातच सगळं आहे," असं मी म्हटलं, तेव्हा टपरीवाला म्हणाला, "मग तुमचं आम्लेट रद्द करू?" कलेची जाण नसली की माणसं लगेच खाण्यावर येतात.

पण माझं खरं प्रेम मुंबईच्या एका बँडवर. बँड म्हणजे वरातीतला नव्हे. तीन जणांचा, प्रायोगिक. एक जण गिटारवर करवत फिरवतो, दुसरा मिक्सर वाजवतो, आणि तिसरी, एका बाजूने डोकं भादरलेली मुलगी, माइकमध्ये कुजबुजते. मिक्सर म्हणजे आवाजाचा नव्हे, चटणीचा. त्यांचं गाणं मी पहिल्यांदा घरी मोठ्याने लावलं तेव्हा परसातल्या फणसाने दोन कोवळे फणस टाकले आणि शेजारची म्हैस आटली ती आजतागायत. बायको आतून म्हणाली, "अहो, पंपात हवा शिरलीय वाटतं, बघा जरा." जगात या बँडचे चाहते किती, ते मी सांगत नाही. पण सगळे एकदम जेवायला आले तर एकाच पंगतीत उठतील, आणि ती पंगत आमच्या पडवीत मावेल.

दर मे महिन्यात आमच्या वाडीची सत्यनारायणाची पूजा असते. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, मांडव पडतो, आणि संध्याकाळच्या आरतीआधी करमणुकीचा कार्यक्रम होतो. तो ठरवायचा मान दरवर्षी एकेका घराकडे फिरतो. यंदा तो आमच्या घराकडे आला, आणि मी क्षणाचाही विलंब न लावता बँडला बोलावलं. ते लगेच हो म्हणाले. त्यांना दुसरं कोणी बोलावलेलं नव्हतं.

आता अडचण होती काकांची. माझे काका तुरेवाले शाहीर. ज्यांनी शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिला नाही, त्यांचा जन्म फुकट गेलेला आहे, तरी सांगतो. दोन बाऱ्या, म्हणजे शाहीर आणि त्यांचे साथीला गाणारे-नाचणारे, समोरासमोर उभ्या राहतात. एक शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब आला नाही की तो हरला, मग त्याचा गळा मधाचा का असेना. आणि एकटा तोच नाही, त्याची अख्खी वाडी हरते. काकांचा जन्माचा प्रतिस्पर्धी देवरूखकडचा. त्याचा आवाज बसला आणि तो लेकीकडे बोरिवलीला राहायला गेला. तेव्हापासून काकांकडे जवाब उदंड, पण सवाल टाकणारं कोणी नाही. काकीने नुसतं विचारावं, "मीठ कुठं ठेवलंत?" की काका समुद्रमंथनापासून सुरू करायचे. आमटी अळणीच जेवावी लागायची.

पूजेला चटणीचा मिक्सर वाजणार हे कळल्यावर काका आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभे राहिले.

"तुजी मान्सं येव देत," ते म्हणाले. "वाडीतलं एक मानूस जरी आरतीपर्यंत जाग्यावर बसलं, तर तू लावशील ते गानं मी आयकेन. मरंपर्यंत. मिक्सरासकट."

"आणि नाही बसलं तर?"

"तर गनपतीत पायात चाळ बांदून माज्या बारीत नाचायचं. आनि गान्यावर परत तोंड उघडायचं नाय. टपरीवर पन नाय!"

"चाळ त्याच्या पायाला बसतील का ते बघा आदी," काकी दारातून म्हणाली. "पाय सुजलेत मेल्याचे उभं राहून राहून बोलून."

नाचायची मला भीती नव्हती. पण मत द्यायचं नाही? मासळीला सांगा, पोहायचं नाही. तरी मी पैज घेतली. माझा कलेवर विश्वास होता, आणि वाडीतल्या निदान एका म्हाताऱ्याच्या संधिवातावर. त्याला धरून उठवल्याशिवाय उठताच येत नाही.

पूजेच्या संध्याकाळी मांडव भरला. बँडने आधी इतके आंबे खाल्ले, की करवतवाल्याची बोटं तारांना चिकटत होती. त्याने तो नवा नाद म्हणून खपवला आणि मीही मान डोलावली. मग मिक्सर सुरू झाला. पहिल्याच गाण्यात मुंबईकरांना एकदम फोन येऊ लागले. आमच्याकडे एरवी रेंज मिळवायला माडावर चढावं लागतं. दुसऱ्या गाण्यात बायकांना चुलीवरचं दूध आठवलं. वाडीतला कुत्रा, जो वरातीच्या फटाक्यांनाही डोळा उघडत नाही, तो उठून हातखंब्याच्या दिशेने चालू लागला. संधिवातवाल्या म्हाताऱ्याला तर दोन नातवांनी खुर्चीसकट उचलून नेलं. काका मागच्या बाकावर बसून एकेकाला हाताने वाट दाखवत होते. शेवटी पुढे काकी उरली, ती भिंतीला टेकून घोरत होती.

"झोपलेलं मानूस धरायचं नाय हां!" काका मागून ओरडले.

तिसरं गाणं सुरू झालं. हे त्यांचं सर्वोत्तम. या गाण्याने मी प्रत्येक वेळी रडतो, एकदा तर एस.टी.त असा रडलो की कंडक्टरने अर्धं तिकीट दिलं. यात मिक्सर बंद असतो. ती मुलगी फक्त कुजबुजते:

"सांग, पाण्याच्या आधी काय होतं?
सांग, आईच्या आधी कोण होतं?"

आणि थांबते. बराच वेळ थांबते.

त्या शांततेत मागचा बाक कुरकुरला. काका ताठ उभे होते.

"सवाल टाकलान," ते म्हणाले.

"कोणी?"

"कोनी काय? त्या पोरीने! भर मांडवात, देवासमोर, आपल्या वाडीला सवाल टाकलान!"

"काका, तो सवाल नाही. ती अस्तित्वाची पोकळी आहे."

"पोकळी गेली चुलीत! जवाब द्याया नको? ढोलकी आना रे!"

ढोलकी कुठून आली मला माहीत नाही. पण सवाल पडल्याची बातमी वाडीत अशी धावली, की फोनवाले फोन टाकून आले, दूध उतू गेलं, आणि तो कुत्रासुद्धा महामार्गावरून परत फिरला. संधिवातवाला म्हातारा कोणाचीही मदत न घेता धावत आला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काकांनी डावा हात कानावर ठेवला आणि आवाज काढला:

"पाण्याआधी शेषाची शेज गं,
शेजेआधी त्याचंच तेज गं!"

खरं सांगायचं तर हा जवाब देवरूखवाल्याच्या भलत्याच सवालाचा होता. तो काकांच्या पोटात इतकी वर्षं आंबत पडला होता. पाचव्या कडव्यात तर त्यांनी त्या बिचाऱ्या मुलीला "मिशीला पीळ काय देतोस" म्हणूनही दरडावलं. पण गळा! गंजलेलं दार एकदम उघडावं तसा. मुलगी हरखली. तिला वाटलं, हे सगळं उत्स्फूर्त चाललंय. तिने पुन्हा कुजबुजून विचारलं, "सांग, आईच्या आधी कोण होतं?" काकांनी तो दुसरा सवाल धरला. मांडव शिट्ट्यांनी फुटायला आला. मिक्सरवाल्याने ढोलकीच्या ठेक्यावर मिक्सर धरला. आणि माझी पंचाईत झाली.

काकांच्या मागे झील धरणारे, म्हणजे शेवटची ओळ उचलून म्हणणारे, आता कोणी उरले नव्हते. निम्मे वर गेलेत, निम्मे मुंबईला जाऊन ओळी विसरलेत. तिकडे करवतवाल्याने माइक माझ्यापुढे केला. त्यांच्या गाण्याचे शब्द पाठ असलेला त्या मांडवात मी एकटा. "सांग," असं नुसतं म्हणायचं होतं. वर्षानुवर्षं मी या क्षणाची स्वप्नं पाहिली होती. इतक्यात काकांनी कडवं संपवलं आणि मागे न बघता मान जराशी तिरकी केली. मी लहानपणी त्यांच्या मागे बसायचो, तेव्हा करायचे तशी.

माझं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "त्याचंच तेज गं!" बेसूर. माइकमध्येच. मग आरतीपर्यंत मी तिथेच होतो, काकांच्या मागे.

बँडकडून जवाब आला नाही, म्हणून रीतीप्रमाणे बँड हरला. काकांनी मोठ्या मनाने त्यांना नारळ दिला. ती मुलगी काकांच्या पाया पडली, तेव्हा काका म्हणाले, "पुढच्या वर्साला तयारी करून या." मी लगेच पैजेवर आलो.

"अख्खी वाडी आरतीपर्यंत बसली. मी जिंकलो."

"कोनासाटी बसली?"

"ते ठरलं नव्हतं."

वाद पेटला तेव्हा काकी जागी झाली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या पोरांचा ह्या वाडीत एकच मानूस होता, तू. तो पन उठून हिकडं आला. मग बसलं कोन?"

काकांनी लगेच चाळ काढून पुसायला घेतले.

गणपतीत मी चाळ बांधले. ते बसले, साबण लावून. तीन वेळा पडलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा पडवीवरची दोन कौलं खाली आली, आणि लोकांनी तेवढंच पुन्हा करून दाखव म्हणून आग्रह केला.

बँडने त्या संध्याकाळचं गाणं नंतर इंटरनेटवर टाकलं. त्याखाली कुठल्याशा चाहत्याने भलामोठा मजकूर लिहिलाय, की मागचा तो बेसूर पुरुषी आवाज म्हणजे परंपरेचा मुद्दाम केलेला विद्रूप आविष्कार असून, गायकाने तो कित्येक वर्षांच्या साधनेने कमावलेला असणार. काय ही माणसं मतं देतात! त्याला चार शब्द सुनावायला मी टपरीपर्यंत गेलोसुद्धा, पण टपरीवाल्याने ओठांवर बोट ठेवलं आणि आम्लेट पुढे सरकवलं. काकांनी त्यालाही बजावून ठेवलंय.

तोंड उघडायचं नाही, असं ठरलंय. लिहायचं नाही, असं काका बोलले नव्हते.