विहीणबाईंसाठी आणलेली बाटली

चहा घ्या आधी, आणि घोट गिळल्यावरच पुढचं ऐका. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना आमच्या शेजारणीच्या नाकातून चहा आला होता. माझी फजिती मी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, तेव्हा मध्ये मध्ये शहाणपण शिकवायचं नाही!

तर झालं असं. आमचं बुरहानपूर खंडव्यापासून सुटून वेगळा जिल्हा झालं, त्या सुमाराची गोष्ट. माझ्या मोठीला, मीराला, स्थळ बघणं चालू होतं. आम्ही तापीपलीकडे जैनाबादला राहणारे, केळीवाले. मुलगी बी.ए. झालेली, रूपानं नीटस. तरी दोन स्थळं आली आणि दारातून परत गेली. का? माझ्या जिभेमुळे, दुसरं काय!

पहिल्या स्थळाचा काका म्हणाला, "मुलगी जरा सावळी आहे." मी म्हटलं, "आणि तुमचा मुलगा काय दुधात न्हाऊन आलाय? समोरच बसलाय, बघा की." गेलं स्थळ. दुसऱ्यांनी "देण्याघेण्याचं कसं" असं नुसतं विचारलं, तर मी "हा बाजार नाही" म्हणत त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. तेही गेले. दोन्ही वेळा मी खरंच बोलले होते, पण खरं बोलून लेकीचं लग्न होत नाही. मीरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते मला फार लागलं.

मग तिसरं स्थळ आणलं मोठ्या वन्संनी. ह्यांची थोरली बहीण, नाशकात दिलेली. त्यांचा फोन आला. "माणसं सोन्यासारखी आहेत. द्राक्षाचे बागायतदार. वाईनच्या कारखान्याला माल देतात, मुलगाही तिथंच कामाला आहे. आणि एक ध्यानात ठेव, विहीणबाईंना वाईन आवडत नाही. बाकी काही नखरे नाहीत. आणि तुझं तोंड तेवढं आवर गं बाई, पाया पडते तुझ्या!"

आता वन्संच्या मनात काय होतं? तर त्या घरात वाईनचा विषय काढू नकोस. आणि मी काय समजले? ऐका.

मी चौथी पास. पण स्वयंपाकात मला कुणी नापास करून दाखवावं! कारल्याचं नाव काढलं की उलटी करणारी माणसं माझ्या हातचं कारलं बोटं चाटून खाऊन गेली आहेत. माझा सिद्धांत असा, की न आवडणारा पदार्थ जगात नाहीच. कुणीतरी तो वाईट केलेला असतो. मी मनात म्हटलं, वाईनवाल्यांचं घर, म्हणजे सगळे घेत असणार. ती बिचारी एकटी कोरडी बसत असेल. कारण काय, तर तिला नीट वाईन कुणी दिलेलीच नाही! पाहुण्यांच्या घरी जे चालतं ते आपण मांडायचं, आणि विहिणीचा मान पहिला. तिला आवडेल अशी वाईन मी शोधणार. स्थळ मग जातं कुठं?

"अगं पण तू?" हे म्हणाले. "तू आणि दारू?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या गावातलं देशीचं दुकान मीच बंद पाडलं होतं. वीस-पंचवीस बाया, हातात लाटणी, पुढे मी. दुकानदार मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला, तो अजून परतला नाही. पण लेकीसाठी माणूस काय करत नाही?

पदर नाकापर्यंत ओढला, पूल ओलांडला आणि शहरातल्या अंग्रेजी दारूच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. पदराचा काय उपयोग झाला म्हणता? माझी चाल साऱ्या तालुक्याला माहीत! मला बघताच दुकानदारानं शटर धाडकन अर्धं खाली ओढलं आणि आतून ओरडला, "काकीजी, मेरा लाइसेंस है! सरकारी है!"

"अरे, लायसन घाल चुलीत. मला एक बाटली पाहिजे."

मग शटरखालून त्याचं डोकं बाहेर आलं. "फोड़ने के लिए?"

"प्यायला! वाईन पाहिजे. माझ्या विहिणीसाठी."

"वो पीती हैं?"

"नाही ना. तिला आवडतच नाही."

"तो फिर ले क्यों रही हो?"

"म्हणून तर घेतेय! ज्याला आवडत नाही त्याला आवडेल अशी दे."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी मुंडकं हातात घेऊन आले आहे. पण माणूस धंद्याचा पक्का. म्हणाला, "लाल मत लो काकीजी. कसैली लगती है, नया आदमी मुँह बनाता है. ये सफेद लो, मीठी, हलकी. खूब ठंडी करके छोटे गिलास में देना, साथ में नमकीन. समझो जूस ही है."

"चव दाखव."

"यहाँ चखने का नहीं होता!"

"का नाही होत? जिलेबीवाला कढईतली काढून हातावर ठेवतो, आणि तू एवढा मोठा दुकानदार!"

रस्त्यावर माणसं थांबायला लागली तसं त्यानं घाईनं बाटली कागदात गुंडाळली, माझ्या पिशवीत कोंबली आणि हात जोडले. पिशवीत वरून मेथीची जुडी घालून मी घरी आले.

पाहुणे दुपारी जेवायला येणार होते. भरीत झालं होतं, शेवभाजी झाली होती, मांड्यांचं पुरण वाटून तयार होतं. म्हटलं, आता बाटलीकडे वळू. तर तिला बूच! झाकण नाही, लाकडाचं बूच, आत रुतलेलं. सांडशी लावली, ह्यांचा पेचकस लावला. शेवटी लाटण्याच्या टोकानं असं दाबलं की बूच आत आणि निम्मी वाईन माझ्या पदरावर. दुकान फोडलं तेव्हा एवढा घाम आला नव्हता! साडी बदलली, उरलेली चहाच्या गाळणीनं पातेल्यात गाळली आणि चमचाभर चाखली.

अहो, आंबट! चिंचेच्या कोळात गूळ घालायला विसरावं तशी. मग मला कळलं, विहीणबाई म्हणतात ते खोटं नाही.

"दुकानदारानं निवडून दिली ना?" हे म्हणाले. "मग आता तिला कशाला सुधारतेस?"

"माणूस सुधारत नाही, पदार्थ सुधारतो," मी म्हटलं. "तुम्ही सतरंजी घाला."

मूठभर साखर घातली, चाखली. अजून थोडी घातली, पुन्हा चाखली. वेलची कुटून टाकली, चाखली. आता जास्त गोड लागायला लागली, म्हणून लिंबू पिळलं. लिंबू जास्त झालं, म्हणून परत साखर. चमच्यानं नीट अंदाज येईना, म्हणून वाटी घेतली. जूसच तर आहे, दुकानदार म्हणालाच होता! शेवटी काळं मीठ चिमूटभर पडलं आणि अशी काही चव जमली म्हणता! पन्हं त्याच्यापुढे पाणी भरेल. मी पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं आणि मला एकदम फार बरं वाटायला लागलं. भिंतीवरची पालसुद्धा गोजिरी दिसली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि विहीणबाई. बारीकशी बाई, इस्त्रीची सुती साडी, डोळे धारदार. मी दारात जाऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "या हो या! किती लांबून आलात! दमलात ना?"

ह्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. एवढ्या वर्षांत दारात आलेल्या कुणाला मी "दमलात का" विचारलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

विहीणबाई म्हणाल्या, "मुलगी शिकलेली आहे, पण स्वयंपाकाचं कसं?"

एरवी मी काय म्हटलं असतं? "तुमच्या मुलाला कुकर लावता येतो का?" हेच! आणि मी म्हणाले, "शिकेल हो हळूहळू. तुम्ही आहात ना आईच्या जागी."

मीरा आतून माझ्या कानाशी आली. "आई, तुझी तबियत ठीक आहे ना?"

मग व्याही फुशारकीनं म्हणाले, "काही म्हणा, आमच्या द्राक्षासारखं फळ नाही." आता केळीवाल्याच्या घरात बसून हे बोलायचं! आणि मी? देवा रे! मी म्हणाले, "खरंय तुमचं. केळ्यात काय असतं? निम्मं तर सालच!"

ह्यांच्या हातातला तांब्या घरंगळला. तीन पिढ्या ज्या केळीवर जगल्या, तिला मी सालपट म्हटलं होतं!

अशी सगळी गोडी चाललेली असताना मी ट्रे घेऊन आले. छोटे काचेचे गिलास, शेजारी शेव. पहिला गिलास विहीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाशी नेला, थांबल्या आणि वास घेतला. साऱ्या जन्माची द्राक्षाची बाई ती! वेलची घातली म्हणून फसते होय? गिलास खाली ठेवला.

"हे काय आहे?"

मुलाचा चेहरा पांढराफटक.

"माझा पाठचा भाऊ ह्याच्यात गेला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "द्राक्ष आम्ही विकतो, पोटासाठी. पण त्या कारखान्याच्या फाटकाच्या आत मी अजून पाय ठेवला नाही. तुमच्या वन्सं म्हणाल्या, मुलीच्या आईनं गावातलं दुकान बंद पाडलंय. म्हणून तर एवढा प्रवास करून आले मी. आणि तुम्ही..."

सगळी गोडी माझ्या डोक्यातून सर्रकन उतरली. आतल्या दाराशी मीरा उभी होती. हिरवी साडी, हातात पानाचं तबक. तिसरं स्थळ, आणि ह्या खेपेला मी वाकडं एक अक्षर बोलले नव्हते! न बोलता घालवत होते.

मग मी ठरवलं, आता जाणारच आहे तर खरं सांगूनच जाऊ दे. खाली बसले आणि सगळं सांगितलं. वन्संचा फोन, माझं कारलं, अर्धं शटर, "फोड़ने के लिए?", मेथीची जुडी, लाटण्यानं ढकललेलं बूच, वेलची, काळं मीठ. पातेलं आणून पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "ताई, चूक माझी. डोकं माझं कमी आहे. पण माझ्या मुलीनं ह्याला बोट लावलेलं नाही. राग काढायचा तर माझ्यावर काढा."

विहीणबाईंनी पातेलं जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "काळं मीठ?"

"चिमूटभर."

"वाईनमध्ये?"

"चाट मसाला पण घालणार होते. संपला होता."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा. मग ती बारीकशी बाई अशी हसायला लागली, की पदर तोंडात कोंबूनही थांबेना. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जिनं दुकान फोडलं, ती माझ्यासाठी पदर ओढून तसल्याच दारात गेली! अशी विहीण मला नाशकात मिळेल का?" डोळे पुसत त्या मीराकडे वळल्या. "ये गं, बस माझ्याजवळ. आणि ताई, आता साधा चहा करा. त्यात काही सुधारणा करू नका."

तिथंच सुपारी फुटली. माझ्या छातीवरचा धोंडा असा उतरला, की मी चुलीपाशी जाऊन पाच मिनिटं नुसती रडले. मांडे करपले, तरी सगळ्यांनी वाखाणून खाल्ले.

निघताना विहीणबाईंनी माझा हात धरला. "खरं सांगू? लोकांनी मला फार घाबरवलं होतं. विहीण फटकळ आहे, घर डोक्यावर घेते म्हणून. पण तुमच्यासारखी गोड बोलणारी बाई मी बघितली नाही!"

मागे हे खोकले. त्यांची नजर पातेल्यावर होती. चार छोटे गिलास भरले होते, ते चारही तसेच होते आणि पातेलं रिकामं होतं. मग बाकीची गेली कुठं? मी विहीणबाईंना सगळं खरं सांगितलं होतं हो, पण ते चाखण्याचं तेवढं राहून गेलं! पाहुण्यांची गाडी वळली तशी मी आडवी झाले, ती दिवेलागणीलाच उठले.

मीरा आज दोन लेकरांची आई आहे, सुखात आहे. फक्त विहीणबाई दर भेटीत विचारतात, "त्या दिवशी किती मधाळ बोलत होतात हो तुम्ही! नंतर काय झालं?" मी काय सांगू? म्हणते, वय झालं.

म्हणजे बघा, वाईन न आवडणाऱ्या बाईला आवडेल अशी वाईन मी निवडली होती खरी. फक्त ती बाई मी निघाले.

पुढे धाकटीला बघायला धूलकोटहून लोक यायचे होते. सकाळपासून घरात माझा आरडाओरडा चाललेला. हे हळूच पिशवी घेऊन चपला घालायला लागले.

मी ओरडले, "आता कुठं निघालात?"

"शहरात," हे म्हणाले. "तू तेवढी वेलची कुटून ठेव."