माशीच्या तोंडावरचे केस

शनिवारी संध्याकाळी हे ऑफिसातून आले की यांच्या पिशवीत जेवणाच्या डब्याखाली एक लाकडी पेटी असायची. डबा मी घासायला घ्यायचे, पेटीला हात लावायचे नाही. तिच्यात टाचणीवर टोचलेली एकच माशी होती आणि ती सरकारची होती. घरी आणलेली कळली तर नोकरीवर गदा, आणि तिचा एक पाय मोडला तर विचारायलाच नको. सोमवारी पेटी परत जाईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा.

हे शेतकी खात्यात किड्यांच्या विभागात मदतनीस होते. मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीसाठी मध्य प्रांतात आलेले. माझं माहेर इथलंच, त्यामुळे माझं 'मले-तुले' ऐकून सुरुवातीला हे गालात हसायचे. मी म्हणायचे, हसा, पण जेवायला वाढते ती हीच भाषा.

ती माशी यांना थंडी सरता सरता सक्करदऱ्याच्या तलावाकाठी सापडली. दिसायला थेट मधमाशी, अंगभर मऊ केस, पुढे सुईसारखी सोंड. पण मधमाशीला पंख चार असतात, हिला दोनच, आणि नांगी मुळीच नाही. मातीत बीळ करून राहणाऱ्या मधमाश्यांच्या दाराशी ही हवेत एका जागी तरंगत राहते आणि आपली अंडी त्यांच्या घरात टाकून मोकळी होते. मी तिला सोंगाडी म्हणायचे. यांचं म्हणणं, अशी माशी अजून कुणी लिहून ठेवलेली नाही. नखशिखांत वर्णन करायचं, ते छापून आलं की माशी जगाच्या लेखी नवी ठरणार, आणि वर्णन करणाऱ्याचं नाव तिच्या नावाला कायमचं चिकटणार. साहेबांची नावं अशी पुष्कळ किड्यांना चिकटली होती. मदतनिसाचं नाव चिकटणं ही साधी गोष्ट नव्हती.

अडचण एकच होती. वर्णन भिंगातून पाहून करायचं, आणि यांना भिंगातलं दिसेनासं झालं होतं. "डोळ्यावर पडदा येतोय," हे मला म्हणाले होते. "बारीक तेवढं दिसत नाही. बाकी सगळं ठीक आहे." ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं. कळलं असतं तर पुढ्यातलं भिंग काढून घेतलं असतं, आणि भिंगाशिवाय हे काय करणार होते? म्हणून मी पाहायचं, मराठीत सांगायचं आणि यांनी मोठमोठ्या अक्षरांत इंग्रजीत उतरवायचं, असं ठरलं.

रविवारी सकाळी ओसरीत ऊन आलं की टेबल मांडायचे. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. श्वासाने केस हलू नयेत म्हणून तोंडावर पदर घेऊन मी भिंगाला डोळा लावायचे. पाठीवर काय, पोटावर काय, पायांना काटे आहेत का, पंखांवरचा डाग कुठवर आलाय. एकेक गोष्ट हे तीन-तीनदा विचारायचे. मला राग यायचा.

"सांगितलं ना एकदा. पाहूनच राहिली मी."

"पुन्हा पाहा. तोंडावरचे केस कसे आहेत?"

"भुरे हायेत."

"नक्की?"

"भुरे म्हणजे भुरे. तुमाले शपथेवर सांगू का?"

एकदा याच वेळी शेजारीण विरजण मागायला थेट ओसरीवर आली. मी पेटीवर सूप उपडं घातलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिले. ती बसली, लेकीच्या बाळंतपणाचं सगळं सांगितलं आणि मग उठली. तिच्या पाठोपाठ दार लावून सूप उचललं, तर माशी होती तशी होती.

वर्णन पुरं झालं, यांच्या विभागाच्या साहेबाकडे गेलं. त्या शनिवारी हे पेटीसकट घरी आले ते चपला न काढताच बसले.

"नवी नाही म्हणाला," हे म्हणाले. "अशाच पंखांची, तोंडावर पांढरट केस असलेली माशी आधीच छापून आलेली आहे. आमचा वेळ घालवलात म्हणाला. सोमवारी हिला त्या जुन्या माश्यांच्या ओळीत लावायची, म्हणजे विषय संपला."

"पांढरट?" मी म्हटलं. "पांढरट कोण म्हटलं?"

"तूच. भुरे म्हणालीस ना?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. यांच्या गावाकडे पांढुरक्या केसांच्या पोराला भुऱ्या म्हणून हाक मारतात. आमच्याकडे भुरा म्हणजे तपकिरी, हिंदीत म्हणतात तसा. मी उठून फडताळातून चिंचोका काढला आणि यांच्या तळहातावर ठेवला. "असे हायेत तिच्या तोंडावर."

यांनी चिंचोका अगदी नाकाजवळ नेऊन पाहिला. मग यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. माशी नवी होती. आमच्या दोन गावांमधल्या एका शब्दाने तिला जुनी करून टाकली होती.

पण हसू फार वेळ टिकलं नाही. चूक दुरुस्त करायची म्हणजे ती कशी झाली ते सांगावं लागणार होतं.

"लिहिताना चुकलं म्हणा," मी म्हटलं.

"इतके दिवस पाहून तपकिरीचं पांढरट? तो भिंग पुढे करील आणि म्हणेल, पाहा आणि सांगा."

"मंग गप बसा. जुनी तर जुनी."

"ती जुनी नाही."

"एका मेलेल्या माशीपायी घर उघड्यावर टाकता का? काहून पण? कोण विचारून राहिलं तिले?"

हे नुसता चिंचोका बोटांत फिरवत राहिले. मला यांचा असा संताप आला की मी ताट वाढून आत निघून गेले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. यांच्या हट्टाला मी ओळखून होते.

रविवारी सकाळी हे पेटी घेऊन पायीच सदर भागात साहेबाच्या बंगल्यावर गेले. मी भात लावला, तो करपला. पुन्हा लावला. गेटचा आवाज झाला की ओसरीत जायचे, रस्त्यावरचं कुणी भलतंच असायचं. पेटी घरी येत होती हेही आता साहेबाला कळणार, आज कामावरून काढलं तर महिनाअखेर भाडं कुठून द्यायचं, असं काय काय मनात येत राहिलं. ऊन ओसरीतून सरकून अंगणात गेलं तेव्हा हे आले. हातात पेटी नव्हती.

मी पाट मांडला. हे बसले, पण घास उचलेनात.

"त्याने स्वतः पाहिलं," हे म्हणाले. "तपकिरीच आहेत. माशी नवी आहे. त्याच्या नावासोबत माझंही नाव घालणार."

"आणि तुमी?"

"उद्यापासून बियाण्याच्या गुदामात. काढत नाही म्हणाला. पेटीबद्दल पुन्हा असं करू नका, एवढंच."

माझा जीव भांड्यात पडला. गुदाम तर गुदाम, पगार तर चालू राहणार. मी तसं म्हणालेही.

"मग समोर बसून त्याने बोटं दाखवली," हे म्हणाले. "किती आहेत सांगा म्हणाला."

"किती सांगितली?"

"मला त्याचा हात दिसला."

मला आधी समजलंच नाही. बारीक तेवढं दिसत नाही, असं हे म्हणाले होते आणि मी ते खरं धरून चालले होते.

"मी दिसून राहिली का तुमाले?" मी विचारलं.

"दिसतेस ना. तू बसली आहेस, हिरवं नेसली आहेस." हे किंचित पुढे झुकले. "कुंकू दिसत नाही."

मी पाट सरकवून पुढे आले.

"आता?"

"नाही."